सातबाऱ्यावरची आई
नेऱ्याच्या ग्रामसभेला खुले पत्र

प्रति,
ग्रामसभा, नेरे,
तालुका पनवेल, जिल्हा रायगड.



१५ ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभा भरते तेव्हा आवणी नुकतीच उरकलेली असते. सभेला आलेल्या बायकांच्या पायांकडे कोणी पाहिलं, तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या दिसतील. घोटाभर पाण्यात उभं राहून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत दिवसचे दिवस रोपं रोवली की कातडी पांढरी पडते, फाटते, रात्री आग आग होते. त्यावर मेंदी नाहीतर हळद-तेल लावायचं आणि सकाळी पुन्हा खाचरात उतरायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा इलाज. सभेच्या हजेरीवहीत या बायकांची सही किंवा अंगठा असतो. पण ज्या खाचरात त्या चिखल्या झाल्या, त्याच्या सातबाऱ्यावर बहुतेकींचं नाव नसतं.

हे पत्र त्या नावाबद्दल आहे.

शेतकऱ्याच्या बायकोचं वर्ष कसं जातं, हे नेऱ्याला सांगायची गरज नाही. तरी ते एकदा कागदावर उतरवायला हवं, कारण कुठल्याच सरकारी कागदावर ते नाही. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरते, देहरंगच्या धरणात अडते आणि पुढे पनवेलच्या खाडीकडे निघते. तिच्या खोऱ्यातली खाचरं भाताची. पाऊस तीन-चार महिने लांब असतो तेव्हाच बाईचं भात सुरू होतं. शेण, गवत, टहाळ, पातेरा डोक्यावरून आणून राब रचायचा, तो भाजायचा. मृगाच्या तोंडावर पेरा. मग रोपं उपटून मुठी बांधायच्या, चिखलणी झालेल्या खाचरात आवणी, श्रावणात बेणणी, दसरा सरला की कापणी, भारे, झोडणी, सुपानं पाखडणं, कणगी भरणं. जमिनीत ओल उरली असेल तर मागोमाग वाल. पावसाळ्यात डोंगरातली शेवळं, टाकळा, कंटोळी आणि थंडीत वालाच्या शेंगा टोपलीत भरून पनवेलच्या बाजारात न्यायच्या. आणि हे सगळं गोठा, पाणी आणि चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्या उरकल्यावर.

औत मात्र पुरुषाच्या हातात. बाईनं नांगराला हात लावू नये, अशी रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पाळली गेली. नांगरणी-चिखलणीचे मोजके दिवस सोडले तर उरलेलं भात बाईच्याच हाताखालून जातं; पण शेतकरी कोण, हे त्या मोजक्या दिवसांवरून ठरलं. भाषेनंही ते मान्य करून टाकलं. मराठीत ‘शेतकरीण’ हा शब्द आहे, पण तो ऐकला की डोळ्यांसमोर येते ती शेतकऱ्याची बायको. स्वतः शेती करणारी बाई, हा त्याचा अर्थ मागेच राहिला.

आणि या सगळ्यात ती आई असते. झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून तान्ह्याला निजवायचं, बांधापर्यंत एक पात संपवायची, रडणं ऐकू आलं की हात धुऊन पाजायला जायचं, सर आली तर इरलं आधी पोरावर धरायचं. पोर मोठं झालं की त्याच्या वह्या-पुस्तकांचे पैसे भाजीच्या टोपलीतून निघायचे. पुढे रसायनीचे कारखाने आले, तळोज्याची औद्योगिक वसाहत आली, नवी मुंबई उभी राहिली. त्या टोपलीवर शिकलेली पोरं कामाला लागली. घरात पगार आला, कौलारू घराच्या जागी स्लॅब पडला. शेती सुटली नाही. घरधनी आणि पोरगे शिफ्टला गेल्यावर ती पुरतीच बाईच्या अंगावर आली. एवढं होऊनही तलाठ्याच्या दप्तरात काही हललं नाही.

अशी आई गेली की घर तिची आठवण मनापासून काढतं. दहाव्याला माणसं जमतात, ‘माउलीनं खस्ता काढल्या’ असं सगळे म्हणतात, आणि ते शंभर टक्के खरं असतं. त्या शब्दांबद्दल या पत्राची काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती वेळेबद्दल, आणि आठवणीतून गळून जाणाऱ्या एका गोष्टीबद्दल. ती गोष्ट म्हणजे तिचं स्वतःचं नाव.

मराठीतली सगळ्यांत प्रसिद्ध आई घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात तिची गोष्ट लिहून काढली. घराघरांत ती वाचली गेली, आचार्य अत्र्यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. कोकणातल्या पालगडची ही बाई महाराष्ट्राला ‘श्यामची आई’ म्हणून पाठ आहे. तिचं नाव यशोदा होतं, हे किती जणांना चटकन सांगता येईल? जिच्या वाट्याला एवढं प्रेम आलं तिचंही नाव मुलाच्या नावामागे गेलं, तर गाढीकाठच्या बाईचं काय सांगावं.

दुसरं उदाहरण थेट शेतातलं. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. जन्म १८८० सालचा, माहेर महाजनांचं. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं आणि तिसाव्या वर्षाच्या आसपास वैधव्य आलं. पदरात तीन मुलं: ओंकार, सोपान, काशी. ओंकारला प्लेगनं कायमचं अपंगत्व आणलं. या बाईनं शेत केलं, घर केलं, मुलं वाढवली आणि हे करता करता, जात्यावर, चुलीपुढे, पेरणीत, कापणीत ती गाणी रचत गेली. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी त्यांतली जमतील तेवढी उतरून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीत भीत त्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला या शेतकरणीचं नाव आहे.

मराठी माणूस ही हकिकत अभिमानानं सांगतो, आणि सांगावीच. पण तिच्या दोन बाजू नेऱ्याच्या सभेनं जरा वेगळ्या नजरेनं पाहाव्यात. पहिली अशी की, या बाईचं गाणं वाचलं ते तिचा मुलगा कवी होता म्हणून. जे उतरून घेतलं नाही ते तिच्याबरोबर गेलं. दुसरी अशी की, पुस्तकावर तिचं नाव आलं ते ती गेल्यावर.

ज्यांच्या घरी कवी मुलगा नव्हता, त्यांच्यासाठीही कोणीतरी हे काम केलं आहे. हेमा राइरकर आणि गी पोइटेविन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १,१०७ गावं, ३,३०२ गाणाऱ्या आणि लाखावर ओव्या, असा तो खजिना आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. त्याची सगळ्यांत सुंदर गोष्ट आकड्यात नाही. तिथे ओवीच्या खाली गाणारणीचं नाव असतं, गावाचं नाव असतं. लोकगीत म्हटलं की ‘पारंपरिक’ लिहून मोकळं व्हायची आपल्याकडची सवय त्या लोकांनी पाळली नाही.

आगरी लग्नातला धवला आठवून पाहा. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी ज्यांच्या गाण्यानं चालतात त्या धवलारिणी बहुतेक शेतात राबणाऱ्याच बायका. पनवेल-उरणच्या गावांत ही गाणी अजून ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांची वयं आता पुढे गेली आहेत. प्रत्येक घरात मोबाइल आहे. सोपानदेवांकडे नुसती वही होती.

आता कागदाकडे.

आपल्याकडे अनेक घरांत लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नव्या नवरीचं नवं नाव लिहितात. सगळे कौतुकानं पाहतात. मग ताट उचललं जातं आणि ते तांदूळ पुन्हा तांदळात जातात. त्यानंतर पुढची चाळीस वर्षं तोच तांदूळ ती पिकवते, आणि जमिनीच्या कागदावर तिचं नाव येतं ते एका अगदी वाईट दिवसानंतर: वारस नोंदीत, नवरा गेल्यावर. सातबाऱ्यावर यायला बाईला आधी कुंकू पुसावं लागतं. त्यातही जमीन एकत्र कुटुंबाची असेल आणि ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, म्हणून थोरल्या दिराचं नाव लागलेलं असेल, तर तेवढंही लवकर होत नाही.

हे एकट्या पनवेल तालुक्याचं दुखणं नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहिवाटदारांत बायका जेमतेम १४ टक्के आहेत. शेतात गेलं तर निम्म्याहून जास्त वाकलेल्या पाठी बायकांच्या दिसतात. या दोन गोष्टींमधलं अंतर बाहेरच्या जगालाही दिसलं आहे. संयुक्त राष्ट्रसंघानं २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं, ते त्यामुळेच.

उपाय मात्र परक्या देशातून आणायला नको. तो याच मातीत सापडलेला आहे. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेनं शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. बाया एवढ्या लोटल्या की चांदवडचं नाव महाराष्ट्रभर झालं. तिथून पुढे काही वर्षांत संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला. मांडणी सरळ होती. शेतकरी सरकारकडे कर्जमुक्ती मागतो. त्यानं आधी आपल्या घरच्या लक्ष्मीचं देणं फेडावं, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करून द्यावा. ज्या गावात असे किमान शंभर शेतकरी पुढे येतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरपासून सुरुवात झाली आणि मग गावामागून गाव उठलं. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचं एकटीचं देऊळ आहे, रामाशिवायचं. जोशींनी त्याचा जीर्णोद्धार घडवून आणला, तो याच विचारातून. घराबाहेर काढलेल्या बाईला स्वतःची म्हणून जमीन असती तर, हा प्रश्न ते देऊळ आजही विचारतं.

सरकारलाही तेव्हा हलावं लागलं. १९९२ च्या सप्टेंबरात महसूल खात्याचं परिपत्रक निघालं: नवऱ्यानं हयातीत अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. जमीन विकायची नाही, दान करायची नाही, वाटणी करायची नाही. साधा अर्ज, फेरफार, नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. तीस वर्षांहून अधिक काळ ही वाट उघडी आहे आणि तिच्यावर गवत वाढलं आहे. घराचंही तसंच. २००३ साली ग्रामविकास खात्यानं ‘घर दोघांचे’ म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवरा-बायको दोघांची नावं लावायला सांगितलं. हे दप्तर तर थेट आपल्याच पंचायतीत असतं.

नेऱ्याहून वाजे, मालडुंगे, धोदाणीकडे वर चढत जा. तिथल्या डोंगरात ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. वन हक्क कायदा २००६ चा. त्या कायद्यानं विवाहित माणसाला मिळणारा वनपट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावे असतो. तशी सक्तीच आहे. म्हणजे डोंगरातल्या वरकस तुकड्याच्या कागदावर बाईचं नाव कायद्यानं घातलं, आणि खालच्या पाणथळ खाचरांना ते नवऱ्याच्या मर्जीवर सोडलं. सपाटीवरच्या घरांनी या बाबतीत डोंगराकडून शिकायला हरकत नसावी.

हे आत्ताच का, असं सभेत कोणी विचारेल. कारण नेऱ्याला ठाऊक आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. त्या शहरासाठी पनवेल-उरण-बेलापूर पट्ट्यातल्या जमिनी गेल्या, आणि त्यांच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघर इथे गोळीबार झाला, पाच जणांचे जीव गेले. त्यांच्या रक्तानं गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला. त्या लढ्यात बायका रस्त्यावर होत्या, लाठ्या त्यांनीही खाल्ल्या. पण भूखंडाची पत्रं निघाली ती सातबाऱ्यावरच्या नावांनी, आणि ज्यांचं नाव तिथे नव्हतं त्यांच्या हातात पत्र पडलं नाही.

आता पाळी नेऱ्याची आहे. २०१३ च्या जानेवारीत सिडकोला नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्राचं नियोजन प्राधिकरण नेमलं. नेरे, विहीघर, मोहो, कोप्रोली ही नावं नगररचना योजनेच्या कागदांत आली. जमिनी एकत्र करून रस्ते, मैदानं, सोयी यांसाठी साठ टक्के काढायचे आणि मूळ मालकाला चाळीस टक्क्यांचा अंतिम भूखंड द्यायचा, असं त्याचं गणित. हे गणित शेतकऱ्यांना किती मान्य आहे, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. त्यात हे पत्र शिरत नाही. योजना होवो, बदलो किंवा अडो, एक गोष्ट पक्की: कागद पुन्हा लिहिला जाईल तेव्हा जुन्या कागदावरची नावं नव्यावर उतरतील. जी तिथे नाहीत ती बाहेर राहतील. खाचरच उरणार नसेल, तर ज्या बाईनं ते पन्नास वर्षं राखलं तिची खूण दाखवायला बांधही जागेवर असणार नाही.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. या पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आला आणि दारात दलाल उभे राहिले. इसार घेतला गेला हे घरातल्या बाईच्या कानावर यायला कधी कधी आठवडे लागतात. तिचं नाव कागदावर असेल तर तिच्या सहीशिवाय तिच्या वाट्याचा व्यवहार पुढे सरकत नाही. पोरांच्या तोंडाकडे पाहून ती सही रोखून धरील, पैसे कुठे चालले ते विचारील, एखादा तुकडा राखून ठेवायला लावील. आई या नात्यानं तिनं जन्मभर हेच केलं आहे. फक्त इतके दिवस तिला ते रडून-भांडून करावं लागलं.

‘नवरा-बायको काय वेगळे आहेत का, नाव लावायचं कशाला?’ असं काही घरधनी म्हणतील आणि ते प्रेमानंच म्हणतील. वेगळे नसतील तर दोन नावं लिहायला अडचण कसली? ‘भाऊबंद काय म्हणतील?’ हा खरा प्रश्न आहे, आणि एकट्या माणसाला तो जडच जातो. म्हणूनच हे पत्र एखाद्या घराला लिहिलेलं नाही, सभेला लिहिलं आहे. शंभर घरं एकदम पुढे आली की भाऊबंदही त्या शंभरांतच असतात. लक्ष्मीमुक्तीत शंभराची अट का ठेवली असेल, ते अशा वेळी कळतं.

राज्य सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव लिहायचं ठरवलं. त्यानंतर जन्मलेल्या पोरांच्या दाखल्यावर ते आलंही आहे. त्या पोरांच्या आज्यांची नावं मात्र कुठेच नाहीत, आणि त्याच आज्या ग्रामसभेला येऊन बसतात.

तेव्हा विनंती अशी. येत्या ग्रामसभेआधी नियमाप्रमाणे महिला ग्रामसभा होईलच. तिथे हा विषय पहिला घ्यावा. नमुना ८ ची वही उघडून ज्या घरांवर एकच नाव आहे त्यांची यादी वाचावी. लक्ष्मीमुक्तीच्या अर्जांसाठी ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे तलाठ्यांना, एक अख्खा दिवस गावात बसवून घ्यावं, आणि पहिले अर्ज सरपंच-सदस्यांच्या घरचे असावेत. ज्या बहिणी माहेरच्या जमिनीवर हक्कसोड करून देतात त्यांना त्या कागदाचा अर्थ सहीच्या आधी, भावासमोरच समजावून सांगायची जबाबदारी सभेनं कोणावर तरी सोपवावी.

आणि एक वही घालावी. साधी, दोनशे पानी. शाळेतल्या मुलांकडे ती द्यावी. मुलांनी घरोघर जाऊन सत्तरी ओलांडलेल्या बायकांपाशी बसावं आणि लिहून घ्यावं: लग्नाआधीचं नाव, माहेरचं गाव, लग्नानंतरचं नाव, ज्या खाचरांत आवणी केली त्या खाचरांची नावं, पहिल्यांदा भाजी घेऊन पनवेलला गेल्याचं साल आठवत असेल तर ते. धवला येत असेल तर मोबाइलवर तो ध्वनिमुद्रित करून घ्यावा आणि खाली गाणारणीचं नाव घालावं. जी आई गेली असेल तिची माहिती तिच्या मुलीला विचारावी. मुलगी दुसऱ्या गावी दिली असेल तर तिला फोन करावा.

सुरुवात शांतिवनाच्या रस्त्याकडच्या घरांपासून करा की पाड्यापासून, ते सभेनं ठरवावं. फक्त आवणीच्या आधी करावी. एकदा आवणी लागली की त्या वयाच्या बायकाही घरी सापडत नाहीत.

आपली,
नेऱ्याच्या वाटेवरची एक पत्रलेखिका